कर्नेलच्या आत कोण असावं?

१९ जुलै २०२४ हा शुक्रवार होता, म्हणजे कतारमध्ये सुटीचा दिवस. दोहाच्या घड्याळात सकाळचे ७ वाजून ९ मिनिटं झाली असताना क्राउडस्ट्राइक या अमेरिकी सुरक्षा कंपनीनं आपल्या फाल्कन या सॉफ्टवेअरसाठी एक छोटी फाइल जगभर पाठवली आणि ८ वाजून २७ मिनिटांनी ती मागे घेतली. मधल्या ७८ मिनिटांत ज्या विंडोज यंत्रांनी ती फाइल घेतली, त्यातली लाखो यंत्रं निळ्या पडद्यावर अडकली. पुन्हा सुरू केली तर पुन्हा तिथंच येऊन थांबू लागली. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार अशी यंत्रं ८५ लाख होती. जगातल्या सगळ्या विंडोज यंत्रांच्या तुलनेत हा आकडा एक टक्क्याहूनही कमी. पण तेवढ्यानं जगभर हजारो विमानं रद्द झाली, शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या आणि भारतातल्या विमानतळांवर हातानं लिहिलेले बोर्डिंग पास दिसले.

आखातात काम करणाऱ्या मराठी अभियंत्यांमध्ये या घटनेवरचा वाद अजून मिटलेला नाही. त्याला कारण आहे. याच भागानं २०१२ साली याच्या नेमकी उलटी घटना पाहिली होती. तेव्हा कर्नेलात, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात, शिरलेला ड्रायव्हर हल्लेखोराच्या हातात होता. २०२४ मध्ये तो रक्षण करणाऱ्याचा होता. या वादाच्या दोन्ही बाजू मला मोलाच्या वाटतात, म्हणून त्या इथं दोन माणसांच्या तोंडी देतो. एक मामा. रास लफानच्या वायू प्रकल्पांत फिरत्या यंत्रांच्या देखभालीत त्यांचं आयुष्य गेलं, बिऱ्हाड अल खोरला. दुसरी त्यांची भाची. मूळची सांगलीची, दोहात राहते, मोजमापाच्या उपकरणांसाठी ड्रायव्हर लिहिते आणि दुसऱ्यांच्या ड्रायव्हरमधले दोषही शोधते.

मामा : मला एवढंच सांग. एका कंपनीची एक फाइल चुकली. मग त्या कंपनीचा प्रोग्रॅम बंद पडावा. अख्खं यंत्र का बसलं?

भाची : कारण त्या प्रोग्रॅमचा एक भाग ड्रायव्हर म्हणून कर्नेलात चालतो, मामा. तुम्ही एक्सेल उघडता तेव्हा एक्सेलला त्याच्यापुरती मेमरी मिळते. त्यानं भलत्या पत्त्यावर हात घातला तर प्रोसेसर अडवतो, विंडोज एक्सेल बंद करतं आणि बाकीचं काम सुरू राहतं. कर्नेलात या भिंती नसतात. मेमरी वाटणारा, फाइल सिस्टिम, नेटवर्क, बाहेरच्या कंपन्यांचे ड्रायव्हर, हे सगळे तिथं एकाच मेमरीत नांदतात. त्यातल्या एकानं चुकीचा पत्ता वाचला, तर बिघाड त्याच्यापुरता आहे की त्यानं आधीच दुसऱ्याचं काही पुसून ठेवलंय, हे कळायला मार्ग नसतो. अशा वेळी पुढं चालत राहणं म्हणजे बिघडलेला डेटा डिस्कवर लिहिण्याचा धोका. म्हणून विंडोज मुद्दाम थांबतं. निळा पडदा हे त्या थांबण्याचं नाव.

मामा : म्हणजे ट्रिप.

भाची : ट्रिपच. बेअरिंगचा कंप मर्यादेबाहेर गेला की तुमचा कॉम्प्रेसर थांबतो ना, तसंच.

मामा : मग माझी हरकत तिथंच आहे. आमच्याकडे कॉम्प्रेसर थांबवणारी संरक्षण यंत्रणा कॉम्प्रेसर चालवणाऱ्या नियंत्रणापासून वेगळी ठेवतात. एपीआय ६७० हे मानक त्यासाठीच आहे. रक्षण करणाऱ्यात बिघाड झाला तर त्यानं चालवणाऱ्याला सोबत घेऊन बुडू नये. आणि दुसरं, ट्रिप झाल्यावर कारण कळेपर्यंत आम्ही यंत्र सुरू करत नाही. इथं यंत्र आपोआप सुरू होतंय, परत ट्रिप होतंय, परत सुरू होतंय. याला रक्षण कसं म्हणू?

भाची : ते चक्र फिरलं त्याला कारण आहे. हा ड्रायव्हर यंत्र सुरू होतानाच, अगदी आरंभी लोड होतो. व्हायरसनं आधी जागा पकडू नये म्हणून त्याला तसं ठेवलेलं असतं. त्यामुळे दुरुस्ती इंटरनेटवरून खाली यायच्या आत तो चुकीची फाइल वाचून कोसळायचा. शेवटी माणसांना एकेका यंत्रासमोर बसावं लागलं. सेफ मोडमध्ये जायचं, सी-०००००२९१ नं सुरू होणारी फाइल शोधायची आणि पुसायची. डिस्क बिटलॉकरनं कुलूपबंद असेल तर त्याआधी ४८ अंकी किल्ली टाकायची. ती किल्ली ज्या सर्व्हरवर ठेवली तो सर्व्हरही निळा पडला असेल, तर काय हाल झाले असतील याचा विचार करा.

मामा : बरं, दोष नेमका काय होता? पहिल्या दिवशी सगळे नल पॉइंटर, नल पॉइंटर म्हणत होते.

भाची : ते चुकीचं निघालं, आणि कसं निघालं ते बघण्यासारखं आहे. यंत्र थांबतं तेव्हा विंडोज मेमरीचं चित्र डिस्कवर टाकतं. त्याला आम्ही डम्प म्हणतो. मायक्रोसॉफ्टनं असे डम्प डीबगरमध्ये उघडून त्यातला मजकूर प्रसिद्ध केला. ज्या सूचनेवर यंत्र थांबलं ती एका पत्त्यावरून चार बाइट वाचत होती. पत्ता प्रोसेसरच्या आर८ या रजिस्टरमध्ये होता. आणि त्या वाचनाच्या अगदी आधी आर८ शून्य आहे का, ही तपासणी होतीच. म्हणजे लिहिणाऱ्यानं नल पॉइंटरची, शून्य पत्त्याची, काळजी घेतली होती. आर८ शून्य नव्हता. तो भलताच काहीतरी होता. शून्य नाही म्हणून तपासणीतून सुटला आणि पुढं जाऊन आपटला.

मामा : भलताच म्हणजे आला कुठून?

भाची : शेजारचं रजिस्टर बघायचं. आर११ मध्ये १४ होतं, पण ते सोळा पायाच्या मोजणीतलं. आपल्या मोजणीत २०. यादीतले क्रमांक शून्यापासून सुरू होतात, म्हणजे ड्रायव्हर एकविसावी नोंद मागत होता. आणि यादी होती २० नोंदींची. पंगतीत २० पानं मांडलेली आणि वाढप्याच्या हातातल्या कागदावर २१ लिहिलेलं, तसा प्रकार. एकविसाव्या जागी मेमरीत जे काही पडलं होतं तेच पत्ता समजून त्यानं उचललं.

मामा : वीस आणि एकवीस. एवढ्यावर ८५ लाख यंत्रं?

भाची : पुढचं ऐका. ६ ऑगस्टला कंपनीनं मूळ कारणाचा अहवाल दिला. त्या फाइलमधला, धोका ओळखणारा नियम कसा लिहायचा हे सांगणाऱ्या साच्यात २१ रकाने होते. प्रत्यक्ष माहिती पुरवणारा कोड २० च देत होता. हा साचा फेब्रुवारी २०२४ मध्ये आला. मार्चमध्ये चाचणी झाली, त्यानंतर त्यावरचे नियम पाठवलेही गेले, आणि कुठंच काही बिघडलं नाही. कारण त्या सगळ्यांत एकविसाव्या रकान्यात ‘काहीही चालेल’ असं लिहिलेलं होतं. काहीही चालणार असेल तर तो रकाना उघडून बघायची गरजच नाही. १९ जुलैच्या फाइलमध्ये पहिल्यांदा त्या रकान्यात खरी अट आली. पहिल्यांदा ड्रायव्हर तिथं वाचायला गेला. फाइल पाठवण्यापूर्वी तपासणारा प्रोग्रॅमही २१ रकाने येणार हे गृहीत धरूनच बसला होता. म्हणून मी म्हणते, ज्या सूचनेवर यंत्र पडलं तिथं दोष नव्हता. दोष दोन बाजूंच्या कराराचा होता. एकानं २१ लिहिले, दुसऱ्यानं २० दिले, आणि पाच महिने कुणी ताळा घेतला नाही.

इथं मला भाचीच्या बाजूनं बोलावंसं वाटतं. मेमरीचा दोष शोधताना पहिला मोह असतो तो पडलेल्या ओळीवर एक जादा तपासणी बसवून मोकळं होण्याचा. त्यानं ते यंत्र त्या दिवशी पडत नाही. पण वीस आणि एकवीसचा विसंवाद आत तसाच राहतो आणि पुढं कुठल्यातरी वेगळ्याच ओळीवर बाहेर येतो. लिनक्समधली ‘डर्टी काऊ’ची चूक अशीच होती. एक धागा केवळ वाचायला दिलेल्या पेजवर लिहायला निघालाय आणि त्याच क्षणी दुसरा धागा त्याची खासगी प्रत फेकून देतोय. या दोघांच्या शर्यतीत लिहिणं मूळ फाइलवर जाऊन पडायचं. लिनक्सचे कर्ते लिनस टोरवाल्ड्स यांनी ही चूक २००५ मध्येच एकदा दुरुस्त करून पाहिली होती. ती दुरुस्ती दुसऱ्या एका प्रोसेसरवर अडचण आल्यामुळे मागे घ्यावी लागली. खरा इलाज झाला ऑक्टोबर २०१६ मध्ये. तोवर ती चूक हल्लेखोरांच्या हाती लागली होती.

मामांना मात्र हे शोधकाम म्हणजे चैन वाटते.

मामा : तू म्हणतेस ते खरं, पण जेट्टीला जहाज लागलेलं असतं. उणे १६२ अंशांवरचा द्रव वायू टाकीत असतो. शिफ्टवरच्या माणसाच्या पडद्यावर निळं आलं तर तो आधी यंत्र चालू करणार. करायलाच पाहिजे. तुझा तो डम्प नंतर बघ.

भाची : नंतर बघायला तो असला पाहिजे ना! बहुतेक ठिकाणी डिस्कवर जागा नसते, नाहीतर डम्प लिहिणं बंद ठेवलेलं असतं, नाहीतर लिहून होण्याआधीच कुणीतरी पॉवरचं बटण दाबून धरतं. मग आमच्या हातात उरतो मोबाइलवर काढलेला निळ्या पडद्याचा फोटो. त्यावर एका ड्रायव्हरचं नाव असतं आणि सगळे त्याच्या मागं लागतात. मेमरीच्या दोषात पडतो तो गुन्हेगार असतोच असं नाही.

मामा : हे जरा उलगडून सांग.

भाची : कंप मोजणाऱ्या कार्डाचं सांगते. कुणाचं, कुठलं ते राहू दे. असं कार्ड आपले नमुने प्रोसेसरला मध्ये न घेता थेट मेमरीत लिहितं. त्याला डीएमए म्हणतात. ड्रायव्हर मेमरी वाटणाऱ्याकडून बफर, म्हणजे मेमरीचा एक तुकडा, मागून घेतो, त्या बफराचा खरा, भौतिक पत्ता कार्डाला देतो आणि कार्ड लिहायला लागतं. मापन थांबवलं की ड्रायव्हर कार्डाला ‘थांब’ म्हणतो आणि बफर परत करतो. घोटाळा या दोन पायऱ्यांच्या मध्ये होता. कार्डाला थांबायला क्षणभर लागतो. ड्रायव्हर त्याच्या होकाराची वाटच बघत नव्हता. बफर परत गेला, मेमरी वाटणाऱ्यानं तेच पेज फाइल सिस्टिमला देऊन टाकलं, आणि कार्ड अजून त्यात लिहीत होतं.

मामा : म्हणजे एकाच जागेचे दोन मालक.

भाची : आणि दोघांच्याही हातात रीतसर कागद. पडायची ती फाइल सिस्टिम. तीही लगेच नाही, कधीकधी दुसऱ्या दिवशी, जेव्हा ती ते पेज वाचायला घ्यायची. सगळ्यांचा संशय डिस्कवर. डिस्क बदलली तरी तेच. मग ड्रायव्हर व्हेरिफायर लावला. विंडोजबरोबरच येणारी ही सोय आहे, विंडोज २००० पासून. तो संशयित ड्रायव्हरला खास जागेतून मेमरी देतो. प्रत्येक तुकड्याच्या पुढं एक निषिद्ध पेज ठेवतो, आणि परत केलेल्या तुकड्यालाही हात लावू देत नाही. ड्रायव्हर एक बाइट जरी पलीकडे गेला तरी जागच्या जागी सापडतो. पण त्या निषिद्ध पेजेसनाही काही लागलं नाही.

मामा : का?

भाची : ते निषिद्ध पेज प्रोसेसरच्या पत्त्यांच्या तक्त्यात निषिद्ध असतं. कार्ड तो तक्ता बघतच नाही, ते भौतिक पत्त्यावर लिहितं. चोर त्या दारानं आलाच नव्हता. शेवटी मी बिघडलेलं पेज घेऊन त्यातला मजकूरच वाचायला बसले. पेज असतं ४०९६ बाइटांचं. फाइल सिस्टिमची नोंद असती तर तिची ठरलेली खूण दिसली असती. इथं मागचा आकडा आणि पुढचा आकडा यांत थोडाथोडा फरक होता. दोन-दोन बाइटांच्या संख्या म्हणून वाचल्या तर २०४८ संख्या. त्यांचा आलेख काढला आणि लाट दिसली.

मामा : किती उंचवटे होते?

भाची : दहा. थोडा पुढच्याचा भाग.

मामा : नमुने सेकंदाला किती?

भाची : दहा हजार.

मामा : म्हणजे फेऱ्याला दोनशे नमुने, सेकंदाला पन्नास फेरे, मिनिटाला तीन हजार. आणि दर फेऱ्याला एकच उंचवटा. हे वन एक्स आहे. रोटरमध्ये थोडं असंतुलन होतं त्या यंत्राच्या.

भाची : असंतुलन मला कळलं नसतं. मला एवढंच कळलं की फाइल सिस्टिमच्या पेजमध्ये टर्बाइनचा कंप लिहिलेला आहे, आणि या यंत्रावर कंप लिहिणारं एकच कार्ड आहे. तिथून पुढं सोपं होतं. कार्डाचं ‘थांबलो’ असं सांगणारं रजिस्टर वाचायचं, ते होकार देईपर्यंत थांबायचं, मग पत्ता काढून घ्यायचा आणि त्यानंतर बफर परत करायचा. त्याशिवाय आयओएमएमयू सुरू करायला लावला. प्रोसेसरच्या पत्त्यांवर जसा पहारा असतो तसा तो कार्डांच्या पत्त्यांवर ठेवतो. पत्ता काढून घेतल्यानंतर कार्डानं लिहायचा प्रयत्न केला तर तो अडवतो आणि कुठल्या कार्डानं केला तेही सांगतो.

मामा : तुझ्याच तोंडून माझा मुद्दा आला बघ. भिंत घातलीस तेव्हा प्रश्न सुटला. मग ड्रायव्हरभोवती भिंत का नाही? तुमच्याच विषयातला निबंध आहे, वॉशिंग्टन विद्यापीठाचा, २००३ चा. विंडोज एक्सपीच्या नोंदवलेल्या बिघाडांपैकी ८५ टक्के ड्रायव्हरमुळे. वीस वर्षं झाली त्याला.

भाची : भिंतीचा वाद त्याहून जुना आहे. जानेवारी १९९२ मध्ये प्राध्यापक टॅनेनबाम यांनी टोरवाल्ड्सना जाहीरपणे सुनावलं होतं की लिनक्सची बांधणीच जुनाट आहे, ड्रायव्हर आणि फाइल सिस्टिम कर्नेलच्या बाहेर हवेत. तत्त्व म्हणून ते बरोबर असेलही. २००९ मध्ये एसईएल४ या चिमुकल्या कर्नेलची शुद्धता गणिती पद्धतीनं सिद्धही झाली. पण ते कर्नेल सीच्या जेमतेम ८,७०० ओळींचं आहे. जग वापरतं ते विंडोज आणि लिनक्स, आणि त्यांच्या कोडच्या ओळी कोटींत मोजाव्या लागतात. शिवाय भिंत ओलांडायला दर वेळी वेळ जातो. सेकंदाला लाखो घटना तपासणाऱ्या सुरक्षा प्रोग्रॅमला तो परवडायला हवा.

मामा : परवडत नाही म्हणून सगळ्यांनी बुडायचं?

भाची : बुडण्याचं दुसरं उदाहरण तुमच्याच गावचं आहे, मामा. ऑगस्ट २०१२.

त्या ऑगस्टची हकिकत थोडी सविस्तर सांगायला हवी. १५ ऑगस्ट २०१२ ला सौदी अरामकोच्या सुमारे ३०,००० संगणकांवरचा डेटा शमून नावाच्या व्हायरसनं पुसून टाकला. त्याच महिन्याच्या २७ तारखेला कतारच्या रासगॅस कंपनीच्या कार्यालयीन यंत्रणेत व्हायरस शिरला. कंपनीची वेबसाइट आणि ईमेल बंद पडले. कंपनीनं व्हायरसचं नाव जाहीर केलं नाही, पण लक्षणं आणि वेळ पाहून अनेकांनी त्याचा संबंध शमूनशी जोडला. रास लफानमधलं उत्पादन आणि जहाजांची भरणी मात्र थांबली नाही. पुढं १ जानेवारी २०१८ पासून रासगॅस कतारगॅसमध्ये विलीन झाली.

शमूनची कार्यपद्धती या वादाच्या मुळाशी आहे. विंडोज व्हिस्टापासून साध्या प्रोग्रॅमला चालू डिस्कच्या कप्प्यांवर परस्पर लिहिता येत नाही, कर्नेल अडवतं. शमूननं कर्नेल फोडलं नाही. त्यानं एल्डोस नावाच्या कंपनीचा रॉडिस्क हा रीतसर विकला जाणारा, रीतसर डिजिटल सही असलेला ड्रायव्हर सोबत आणला आणि त्याच्याकडून डिस्क पुसून घेतली. त्या ड्रायव्हरची परवान्याची किल्ली मुदतीची होती. २०१६ मध्ये शमूनची नवी आवृत्ती आली तेव्हा तिनंही तीच जुनी किल्ली वापरली, आणि ती चालावी म्हणून संगणकाचं घड्याळ मागे फिरवून ऑगस्ट २०१२ मधल्या एखाद्या दिवसावर नेलं.

भाची : आता सांगा. हल्लेखोर सही असलेला ड्रायव्हर घेऊन कर्नेलात उतरतो. रक्षण करणारा बाहेर उभा. आत काय चाललंय हे त्याला दिसणार कसं? आत बसलेल्यानं ठरवलं तर तो बाहेरच्याला खोटंच चित्र दाखवेल. तुमच्या भिंतीनं रक्षकच आंधळा होतो.

मामा : आणि मी त्याच गोष्टीतून उलटं शिकलो. रासगॅसचं उत्पादन का थांबलं नाही? त्या दिवशी कर्नेलात कुणी चांगला पहारेकरी होता म्हणून? कार्यालयाचं नेटवर्क आणि प्रकल्पाचं नियंत्रण वेगळं होतं. रक्षण भिंतीनं केलं. शमून आत गेला तो सहीच्या बळावर. सही सांगते की ड्रायव्हर कुणाचा आहे. तो काय करणार, हे सही सांगत नाही. तुम्ही सहीवर विश्वास टाकून दार उघडलंत. आता तुम्ही म्हणता, आत चोर येतो म्हणून आत आणखी माणसं बसवा. मी म्हणतो, दारच लहान करा.

भाची : ते सुरू झालंय. धोकादायक ठरलेल्या ड्रायव्हरची यादी मायक्रोसॉफ्ट ठेवतं, आणि विंडोज ११ च्या २०२२ च्या आवृत्तीपासून ती आपोआप लागू असते. सही असली तरी ते ड्रायव्हर लोड होत नाहीत.

मामा : आणि ती नवी भाषा? रस्ट. मुलं म्हणतात, तिच्यात लिहिलं की मेमरीच्या चुका होतच नाहीत.

भाची : पुष्कळ कमी होतात. मायक्रोसॉफ्टनं २०१९ मध्ये सांगितलं होतं की दर वर्षी दुरुस्त होणाऱ्या सुरक्षेच्या चुकांपैकी सुमारे ७० टक्के मेमरीशी संबंधित असतात. डिसेंबर २०२२ मध्ये लिनक्सच्या ६.१ आवृत्तीत रस्टला जागा मिळाली, ती याचसाठी. परत केलेला बफर कुणी वापरतोय, असल्या चुका रस्ट कोड तयार होतानाच पकडतं. पण वीस-एकवीसच्या चुकीचं काय झालं असतं? २० च्या यादीत एकविसावी नोंद मागितली तर रस्ट भलती मेमरी वाचू देत नाही, पण साध्या पद्धतीनं मागितलेली असेल तर प्रोग्रॅम तिथंच थांबवतं. कर्नेलात थांबणं म्हणजे परत निळा पडदा. नोंद नसेल तर काय करायचं, हे माणसानं आधी ठरवून लिहिलं असतं, तरच यंत्र वाचलं असतं. आणि कार्डाच्या डीएमएला रस्ट काय करणार? कार्डाला भाषा माहीत नसते.

मामा : मग माझं म्हणणं आणखी पक्कं झालं. चूक होणारच. ती कुठं व्हावी, एवढंच आपल्या हातात आहे.

या दोघांना ऐकल्यावर माझं मत असं आहे. निदान भाचीचं बरोबर आहे. मेमरीचा दोष पडलेल्या ओळीवर थांबून सुटत नाही. दोन मालकांपैकी कागद कुणाचा खोटा, दोन बाजूंपैकी मोजणी कुणाची चुकली, इथपर्यंत जावंच लागतं, आणि त्यासाठी डम्प लागतो, वेळ लागतो, आणि टर्बाइन ओळखणारा माणूसही लागतो. पण उपाय मामांचा बरोबर आहे. शमूनच्या धड्यातून एवढंच निघतं की घटना टिपायला आणि अडवायला कर्नेलात एक बारीक हस्तक हवा. रोज इंटरनेटवरून येणारी, रकान्यांनी भरलेली, सतत बदलणारी नियमांची फाइल वाचायचं काम त्या हस्तकाकडे द्यावं, हे त्यातून निघत नाही. ती फाइल बाहेरच्या साध्या प्रोग्रॅमनं वाचली असती तर १९ जुलैच्या सकाळी तो एक प्रोग्रॅम पडला असता, आणि सकाळी साडेआठला दुरुस्ती आपोआप पोचली असती.

हे अशक्यही नाही. ॲपलनं २०१९ च्या मॅकओएस कॅटॅलिनापासून सुरक्षा प्रोग्रॅमसाठी कर्नेलबाहेरून काम करण्याची सोय दिली आणि पुढं बाहेरच्यांचे कर्नेलातले मार्ग आवळत नेले. लिनक्समध्ये ईबीपीएफ आहे. कर्नेलात जाणारा छोटा प्रोग्रॅम आधी तपासला जातो आणि मेमरीच्या हद्दीबाहेर जाण्याची शक्यता दिसली तर त्याला प्रवेशच मिळत नाही. त्या तपासनिसातही चुका निघाल्या आहेत, पण एक तपासनीस नीट करणं हे शेकडो कंपन्यांचे ड्रायव्हर नीट करण्यापेक्षा आवाक्यातलं आहे. मायक्रोसॉफ्टनं १० सप्टेंबर २०२४ ला सुरक्षा कंपन्यांची बैठक बोलावली, आणि २०२५ च्या जुलैपासून सुरक्षा प्रोग्रॅम कर्नेलबाहेर चालवण्याची व्यवस्था निवडक भागीदारांना चाचणीसाठी देण्याचं ठरवलं. हे पाऊल उशिरा पडलं, पण योग्य दिशेनं पडलं.

ही व्यवस्था घरोघरी पोचेपर्यंत आखातात, पुण्यात किंवा आणखी कुठंही यंत्रं सांभाळणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. या आठवड्यात आपल्या यंत्रांवर डम्प लिहिणं सुरू आहे का आणि त्याला डिस्कवर जागा आहे का, ते बघा. बिटलॉकरच्या किल्ल्या त्या यंत्रांवर अवलंबून नसलेल्या जागी, कागदावर ठेवा. कुठलाही नवा नियम किंवा अपडेट आधी मोजक्या यंत्रांना आणि मग बाकीच्यांना मिळेल, अशी सोय पुरवठादाराकडे लेखी मागा. ड्रायव्हर लिहीत असाल तर व्हेरिफायर आणि आयओएमएमयू दोन्ही चालू ठेवून चाचणी घ्या, आणि कार्ड थांबल्याचा होकार वाचल्याशिवाय बफर परत करू नका.